पिकअप बदलायच्या आधी बेसच्या आत काय चालते ते बघा

दिवाळीनंतर धान निघालं की झाडीपट्टीत नाटकांचा सीझन लागतो, मग एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम, मध्ये लग्नाचे ऑर्केस्ट्रा, आणि या सगळ्या दिवसांत बेस गिटार वाजवणाऱ्या पोट्ट्यांचा एकच प्रश्न असतो: भाऊ, आवाज दबून राहिला, कोणता पिकअप टाकू? आता या प्रश्नावर एखाद्या कंपनीचं नाव सांगून मोकळं होता येतं, पण ते मला पटत नाही, कारण पिकअपला चार-पाच हजार घालून आवाज तसाच राहिलेले बेस मी बघितले आहेत आणि दोन रुपयाच्या कपॅसिटरने किंवा नुसत्या स्क्रूड्रायव्हरने सुधारलेलेही बघितले आहेत. तार हलली तिथपासून ते मंडपातल्या स्पीकरपर्यंत आवाज ज्या वाटेने जातो त्या वाटेत पिकअप हा फक्त एक टप्पा आहे. पूर्ण वाट समजली की कुठं हात घालायचा ते आपोआप कळतं, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो, गणित न करता.

पिकअप म्हणजे तारेखालचं चुंबक आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची वायर, म्हणजे कॉइल, बस. वायर इतकी बारीक की जाडी ०.०६३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसाएवढीच, आणि तिचे वेढे हजारोंनी, बेसच्या पिकअपमध्ये दहा हजारांच्या घरातही जातात. चुंबकामुळे वरची स्टीलची तार स्वतः थोडीशी चुंबक होते, ती हलली की वेढ्यांमधलं चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होतं आणि वायरमध्ये वीज तयार होते. फॅराडेने १८३१ मध्ये हेच दाखवलं आणि कोराडीच्या वीज केंद्रातले जनरेटरही याच नियमावर फिरतात. म्हणूनच नायलॉनची तार या पिकअपला ऐकूच येत नाही, स्टील किंवा निकेलच पाहिजे. आणि म्हणूनच पिकअप जळाला तर तालुक्याच्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे नेऊन उपयोग नाही, नियम तोच आहे पण पंपाच्या मोटरची वायर याच्यापुढं कितीतरी जाड असते, इतकी बारीक वायर त्याच्या मशीनवर टिकत नाही, तुटते.

चुंबक दोन जातीचे जास्त दिसतात, अल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टचा मिश्रधातू, आणि सिरॅमिक. लोक यावर तासन्तास वाद घालतात. फरक आहे, नाही असं नाही, सिरॅमिक थोडा कडक वाटतो, पण पिकअप तारेच्या खाली कुठं बसवला आहे या गोष्टीचा फरक त्याच्या कितीतरी पट मोठा आहे.

तर जागेचं बघा. बेसची मोकळी तार साधारण ३४ इंच म्हणजे ८६४ मिलिमीटर लांब. छेडली की ती एकाच वेळी बऱ्याच प्रकारे हलते, पूर्ण तार एकत्र हलते तो मूळ सूर, अर्धी-अर्धी हलते तो दुप्पट, तिसरा हिस्सा हलतो तो तिप्पट, असं वरपर्यंत. सगळ्यात जाड ई तार ४१ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ४१ वेळा हलणारी, तर तिच्यात ८२, १२४, १६५ असे सगळे वरचे सूर मिसळलेले असतात. ब्रिज म्हणजे बॉडीवरची जी पट्टी तारा धरून ठेवते, तिच्याजवळ तार बांधलेली असल्यामुळे तिथं मूळ सुराची हालचाल अगदी थोडी असते, वरच्यांचा वाटा त्यामानाने जास्त. म्हणून ब्रिजजवळचा पिकअप टोकदार, नाकातून बोलल्यासारखा, आणि मानेकडचा गोल, भरलेला. एकच पिकअप उचलून दोन इंच इकडे-तिकडे बसवला तर बेस ओळखू येणार नाही इतका बदल होतो, आणि कोणत्याही कंपनीचा महागडा पिकअप हा नियम मोडू शकत नाही.

अमेरिकेतल्या गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला त्यात एकच पिकअप होता, साधा सिंगल कॉइल. १९५७ मध्ये त्याचे दोन तुकडे केले, एक तुकडा ई आणि ए या जाड तारांखाली, दुसरा डी आणि जी या पातळ तारांखाली, थोडा सरकवून, तोच आज आपण पी पिकअप म्हणून ओळखतो. १९६० मध्ये जॅझ बेस आला, त्यात दोन पिकअप, एक मानेकडे एक ब्रिजकडे, दोघांना वेगळा व्हॉल्यूम. मग १९७६ मध्ये म्युझिक मॅनचा स्टिंगरे, त्यात एक मोठा हमबकर, म्हणजे भणभण मारणारा दोन कॉइलचा पिकअप, आणि आत बॅटरीवरचा, आवाजाला जोर देणारा प्रीअ‍ॅम्प. आपल्याकडे जे स्वस्तातले बेस मिळतात ते बहुतेक या तिघांपैकी कुणाचीतरी नक्कल असतात, त्यामुळे हे तीन आवाज कानात बसले की अर्धं काम झालं.

आता मंडपाचं. घरी हेडफोन लावून जो आवाज भारी वाटतो तो मंडपात का गायब होतो? कारण तिथल्या बऱ्याच स्पीकरमधून ४१ हर्ट्झ धड निघतच नाही, साठ-सत्तरच्या खाली त्यांचा जीव जातो. तरी आपल्याला खर्ज ऐकू येतो कारण कान ८२, १२४, १६५ ऐकून खालचा ४१ स्वतः जोडून घेतो. म्हणजे मंडपात बेस ऐकवायचा असेल तर नुसता बेसचा नॉब चढवून भागत नाही, वरचे सूर, दोनशे ते आठशे हर्ट्झच्या मधला भाग, तो शाबूत पाहिजे. ढोलकी, ऑक्टापॅड, बेंजो, कीबोर्डवाल्याचा डावा हात, सगळे खालीच गर्दी करून असतात, आणि पी बेस त्या गर्दीतून वर येतो तो याच मधल्या भागामुळे. जॅझ बेसवाले दोन्ही पिकअप फुल ठेवतात तेव्हा मधला थोडा भाग एकमेकांत कटतो, घरी तो आवाज गोड लागतो पण मंडपात मागे जातो. अशा वेळी ब्रिजकडचा व्हॉल्यूम थोडा खाली घेऊन बघा, मधला भाग लगेच परत येतो. आणि उलट बाजूचं उदाहरण पाहिजे असेल तर जॅको पास्टोरियस या अमेरिकन बेसवादकाचा ब्रिजकडच्या पिकअपचा आवाज ऐका, कमी खर्ज असूनही एक-एक सूर मोजता येतो.

यातच आपल्या भागातली एक फार मोठी भानगड आहे जी पिकअपच्या माथी मारली जाते. बेसची केबल थेट मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये टोचायची. गिटार अ‍ॅम्पचं इनपुट १ मेगओहमचं असतं, म्हणजे दहा लाख ओहम, ते पिकअपवर भार टाकत नाही. मिक्सरच्या लाइन इनपुटचे १० ते २० हजारच ओहम. साध्या पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरी नसलेल्या बेसचा पिकअप एवढा भार ओढू शकत नाही, आधी वरचे सूर मरतात, मग आवाजही पडतो, आणि पोट्टा म्हणतो पिकअप कमजोर आहे. इलाज म्हणजे डीआय बॉक्स, जो पिकअपवर भार न टाकता सिग्नल मिक्सरला चालेल असा करून देतो, किंवा मिक्सरवर हाय झी असं बटन असेल तर ते दाबणं, किंवा मध्ये कोणताही बफर असलेला पेडल. केबलचाही हिशोब आहे, केबलची स्वतःची कपॅसिटन्स असते, ती वरचे सूर गिळते, दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड, म्हणजे स्टेजवरून मागच्या मिक्सरपर्यंत वीस मीटर ओढली की वरचा आवाज रस्त्यातच संपतो. डीआय बॉक्स स्वतःच्या पायाजवळ ठेवा, बेसपासून तिथपर्यंत तीन मीटरची केबल पुरे, पुढं एक्सएलआर, म्हणजे माइकला असते ती तीन पिनांची केबल, कितीही लांब गेली तरी चालते. मी तर म्हणतो की नवीन पिकअपच्या आधी डीआय बॉक्स घ्या, ज्याच्याकडे दोन्हीचे पैसे नाहीत त्याने तर नक्कीच.

आता भणभण, ज्यावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात. आपली लाइट ५० हर्ट्झची. हजारो वेढ्यांचा कॉइल तारेची हालचाल जशी पकडतो तशी आजूबाजूच्या वायरींची ही ५० हर्ट्झचीही पकडतो, त्याला काय माहीत कोणता सूर आणि कोणती लाइट. गंमतीची गोष्ट अशी की ई तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा, म्हणजे फ्रेटवरचा जी, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी पाच, तो बरोबर ४९ हर्ट्झला येतो. लाइटच्या ५० ला अगदी चिकटून. म्हणून भणभण असलेल्या बेसवर तो जी लांब धरला की सूर दर सेकंदाला एकदा हेलकावे खातो, पोट्ट्यांना वाटतं ट्यूनिंग गेली, ते खुंटी पिळत बसतात. अमेरिकेत लाइट ६० हर्ट्झची आहे, तिकडे हा हेलकावा या सुरावर येत नाही, त्यामुळे बाहेरच्या व्हिडिओमध्ये हे तुम्हाला कुणी सांगणार नाही.

ही भणभण मारायची युक्ती फार सुंदर आहे. एकाऐवजी दोन कॉइल घ्यायचे, दुसऱ्याचे वेढे उलट दिशेने, आणि त्याचं चुंबकही उलटं. बाहेरच्या लाइटला चुंबकाशी देणंघेणं नाही, तिला फक्त वेढ्यांची दिशा दिसते, ती एका कॉइलमध्ये सुलटी येते आणि दुसऱ्यात उलटी, दोन्ही जोडले की शून्य. तारेचा आवाज मात्र चुंबक आणि वेढे दोन्हींतून येतो, दोन्ही उलटे म्हणजे दोनदा उलटा, म्हणजे परत सुलटा, म्हणून तो कटत नाही. पी पिकअपचे दोन तुकडे याच पद्धतीचे आहेत म्हणून पी बेस शांत असतो. जॅझमध्ये दोन्ही पिकअप मिळून ही जोडी बनते, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम सारखे असतील तोवर शांत, एक खाली केला की भणभण सुरू. हा बिघाड नाही, त्याची बनावटच तशी आहे. आताच वर मी ब्रिजकडचा व्हॉल्यूम खाली घ्या म्हटलं, त्याची ही किंमत आहे, थोडा खाली घेतला तर थोडीच भणभण येते, गाणं चालू असताना कळतही नाही.

पण सगळी भणभण एका जातीची नसते आणि इथं बहुतेक लोक चुकीच्या ठिकाणी पैसे घालतात. सिंदेवाहीकडचा एक पोट्टा, नाटकात वाजवणारा, बेस घेऊन आला, म्हणे नॉइज लय आहे, हमबकर टाकून दे. त्याला म्हटलं तारेवर हात ठेव. हात ठेवला की खरखर एकदम कमी.
"मंग हात काढला की काहून वाढते दादा?"
"कारण तुझं आंग अँटेना आहे, अन् हात ठेवला की ते ग्राउंड होते. आता उभा राहून हळूहळू गोल फिर."
फिरला, तर खालची घूं घूं एका दिशेला जवळपास गेलीच आणि पुढं फिरला तशी परत आली.
म्हणजे त्याच्याकडे दोन्ही जाती होत्या. हात ठेवल्यावर जी कमी होते ती वरची खरखर, ती शील्डिंग, म्हणजे बाहेरचा नॉइज अडवणारं धातूचं आवरण, नसल्याची, तिच्यासाठी बेसच्या पोटातल्या खाचेत कॉपर फॉइलची टेप लावायची आणि ती ग्राउंडला जोडायची. फिरल्यावर जी बदलते ती चुंबकीय, एखाद्या ट्रान्सफॉर्मरमधून किंवा अ‍ॅम्पच्या सप्लायमधून येणारी, तिला फॉइल अडवत नाही, तिच्यासाठीच हमबकर, किंवा मग फुकटचा उपाय म्हणजे अ‍ॅम्पपासून दोन पावलं दूर आणि थोडं तिरपं उभं राहणं. आणि हात ठेवल्यावर खरखर वाढत असेल किंवा काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजखालून येणारी ग्राउंडची वायर तुटली असण्याचा चान्स जास्त, मल्टिमीटरने ब्रिज ते जॅकची बाहेरची पट्टी कंटिन्यूटी बघा, बीप आला पाहिजे.

इथं थोडं थांबून एक जिवावरची गोष्ट. ब्रिजची ग्राउंड वायर म्हणजे तुमच्या तारा केबलमधून थेट अ‍ॅम्पच्या बॉडीला जोडलेल्या आहेत. अ‍ॅम्पच्या बॉडीत करंट उतरला तर तो तारेत येतो, आणि तुमचे ओठ माइकला लागले की माइक दुसऱ्या लाइनवर असेल तर सर्किट तुमच्या छातीतून पूर्ण होतं. आपल्याकडे मंडपाची लाइट कुणाच्या तरी घरातून ओढलेली असते, थ्री पिनमध्ये अर्थिंगची वायर नुसती शोभेला असते, जनरेटर असेल तर त्यालाही बऱ्याचदा अर्थिंग नसतं. जिथं पाइप गाडून मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलेलं आहे तिथंही एप्रिल-मे मध्ये काळी माती भेगाळते, वरची ओल जाते आणि अर्थिंग कमजोर होतं, त्या खड्ड्यात कार्यक्रमाच्या आधी दोन-चार बादल्या पाणी ओतायला सांगा. वायरमनकडून फेज आणि अर्थिंगमध्ये टेस्ट लॅम्प लावून बघून घ्या. माइकला आणि बेसला एकदा टेस्टर लावा, तोंड लावायच्या आधी. आणि भणभण जाते म्हणून अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका, भणभण जाईल पण तुम्हाला वाचवणारी तेवढी एकच वायर होती. गाणाऱ्याने वायरलेस माइक वापरला तर हा रस्ताच तुटतो, ज्याला परवडते त्याने जरूर करावं.

बरं, आता हात घालायच्या गोष्टी, आणि सुरुवात फुकटच्यापासून. पिकअपची उंची. दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून पिकअप वर-खाली होतो. शेवटच्या पट्टीवर तार दाबून पिकअपच्या वरच्या भागापर्यंत मोजा, मी साधारण जाड्या तारेखाली तीन आणि पातळ तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास ठेवून तिथून कानाने पुढं जातो. आवाज मोठा मिळावा म्हणून लोक पिकअप तारेला टेकेपर्यंत वर घेतात आणि मग चुंबक तार ओढायला लागतं, वरच्या पट्ट्यांवर सूर डगमगतो, तार लवकर मरते. जॅझ बेसवर ब्रिजकडचा पिकअप मानेकडच्यापेक्षा थोडा वर पाहिजे कारण तिथं तारेची हालचाल कमी असते, नाहीतर दोघांचा तोल बसत नाही. या एका कामाला अर्धा तास द्या, माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

तारा. राउंडवाउंड, म्हणजे वरून गोल वायर गुंडाळलेल्या, नवीन असताना चमकतात, घाम आणि मळ वेढ्यांत बसला की मरतात. फ्लॅटवाउंड चपट्या वायरीच्या, गुळगुळीत, आधीपासूनच गोल आवाजाच्या आणि वर्षानुवर्षं चालणाऱ्या. अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन प्रिसिजनवर फ्लॅटवाउंडच वाजवायचा आणि तारा बदलायचा नाही, तुटली तरच. भजन-कव्वालीसोबत वाजवणाऱ्यांना मी फ्लॅटवाउंड मनापासून सुचवतो, ढोलकीशी त्यांचं जमतं. बेसच्या तारा महाग आणि तालुक्यात मिळत नाहीत, म्हणून मेलेल्या राउंडवाउंड पाण्यात दहा मिनिटं उकळून, नीट पुसून, उन्हात वाळवून परत चढवा, काही दिवस तरी चमक परत येते. उन्हाळ्यात ४५ डिग्रीला आणि मग पावसाळ्यात मान वाकते-सरळ होते, ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ ठेवणारा आतला रॉड, एका वेळी पाव फेराच फिरवायचा, बाकी त्याबद्दल वेगळं लिहावं लागेल.

पिकअप खरंच खराब आहे का हे न उघडता कळतं. मल्टिमीटर २० के, म्हणजे वीस हजार ओहमच्या रेंजवर, बेसला केबल लावा, सगळे नॉब फुल, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या प्लगच्या टोकाला आणि बाहेरच्या नळीला प्रोब लावा. पी बेसवर १० ते ११ के च्या जवळपास दिसलं म्हणजे कॉइल जिवंत. जॅझवर एकेक पिकअप सात-आठ के चा आणि दोन्ही पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी जोडलेले, म्हणून दोन्ही फुल असताना साडेतीन-चार के दिसतं. सात-साडेसात दिसलं तर एक पिकअप मेलेला आहे, बहुतेक वेळा वायरचा टाका सुटलेला असतो. मीटर रेंजच्या बाहेर गेलं तर कॉइल तुटला किंवा जॅकचा टाका निघाला. बॅटरीवाल्या अ‍ॅक्टिव्ह बेसवर ही युक्ती चालत नाही.

आता मागचं झाकण उघडा. उघडायच्या आधी आणि उघडल्यावर मोबाइलने फोटो काढा, कोणती वायर कुठं जाते ते डोक्यात राहत नाही. आत दिसतील दोन-तीन पॉट, म्हणजे नॉबखाली फिरणारे पोटेन्शिओमीटर, त्यांच्या पाठीवर सोल्डरचे टाके, आणि एका पॉटला लटकलेला एक छोटा हिरवा किंवा तपकिरी तुकडा. तो कपॅसिटर, टोनचा जीव तोच. त्यावर ४७३ असं छापलेलं असेल तर तो ०.०४७ मायक्रोफॅरड, २२३ असेल तर ०.०२२, १०४ असेल तर ०.१.

टोनचं काम असं समजा. शेतात पाटाचं पाणी दांडाने चाललं आहे आणि दांडाला एका बाजूने बारं फोडलं आहे, तिथून पाणी नाल्यात जातं. कपॅसिटर ते बारं, पण त्यातून फक्त वरचे सूर जातात, खालचे नाही. टोनचा पॉट म्हणजे त्या बाऱ्यावरची माती, नॉब बंद केला की माती काढली, वरचे सूर सगळे ग्राउंडच्या नाल्यात, खर्ज तेवढा पुढं पिकापर्यंत. कपॅसिटर मोठा तर बारं मोठं. ०.०४७ चा पी बेसवर नॉब पूर्ण बंद केला की साधारण तीनशे हर्ट्झच्या वरचं सगळं जातं. आपल्या मंडपात ते फारच बुडतं, म्हणून मी ०.०२२ टाकायला सांगतो, नॉब बंद केला तरी मधला भाग थोडा राहतो आणि नॉबच्या पूर्ण फेऱ्यात वापरण्यासारखे आवाज मिळतात. नागपूरला बर्डीवर किंवा तालुक्यातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे हिरवा मायलर दोन-पाच रुपयांना मिळतो. शेकडो रुपयांचे खास गिटारसाठी म्हणून विकले जाणारे कपॅसिटर घेऊ नका, किंमत सारखी म्हणजे फॅरड सारखे असतील तर आवाज सारखाच, माझं यावर ठाम मत आहे. वाटलं तर सोल्डर करायच्या आधी क्रोकोडाइल क्लिपच्या चिमट्याने दोन-तीन किमतींचे कपॅसिटर लावून ऐका आणि मग ठरवा.

पॉटच्या बाबतीत मात्र सावध. पॅसिव्ह बेसला २५० के चा पॉट लागतो. खरखर करतो म्हणून पोट्टे बेस मिक्सर दुरुस्तीवाल्याकडे नेतात, त्याच्याकडे १० के चा पडलेला असतो, तो टाकून देतो, नॉब गुळगुळीत फिरतो आणि आवाज मेलेला, कारण आता पिकअपवर तोच भार आला जो मिक्सरच्या लाइन इनपुटने येतो. आणि व्हॉल्यूमला ए मार्कचा, म्हणजे लॉग पॉट पाहिजे. बी मार्कचा लिनियर टाकला तर दहापासून चारपर्यंत फिरवूनही फरक कळत नाही आणि मग एकदम पडतो. खरखर असेल तर आधी काँटॅक्ट क्लीनर मारून नॉब वीस-तीस वेळा फिरवा, धुळीनेच होते ते बहुतेक.

जॅझ बेसवाल्यांसाठी एक बदल मला मनापासून आवडतो, सीरिज-पॅरललचा स्विच. कारखान्यातून दोन्ही पिकअप पॅरलल जोडलेले येतात. एका व्हॉल्यूमच्या जागी पुश-पुल पॉट टाकला, वर ओढला की दोन्ही सीरिजमध्ये, म्हणजे एकामागे एक. आवाज चांगलाच वाढतो, मधला भाग भरतो, वरची चमक थोडी कमी होते, अगदी पी बेस नाही पण त्या दिशेला जाणारा. आणि भणभण तशीच कटलेली राहते. नाटकात लावणी आली की ओढायचा, हळू गाणं आलं की दाबायचा. वायरिंग थोडं गुंतागुंतीचं आहे, सोल्डरिंगला हात नसेल तर ज्याला आहे त्याला फोटो दाखवून करून घ्या. सोल्डर करणाऱ्याला सांगायचं एकच, पॉटच्या पाठीला टाका घालताना आधी ती जागा ब्लेडने खरवडायची आणि ६०-४० चं रोझिनवालं सोल्डर वापरायचं. २५ वॉटच्या आयर्नने पाठ तापायला वेळ लागतो, तेवढ्यात पॉट भाजून काढू नये.

अ‍ॅक्टिव्ह बेसबद्दल थोडक्यात. आत नऊ व्होल्टची बॅटरी आणि प्रीअ‍ॅम्प, त्यामुळे लांब केबल आणि मिक्सरचं इनपुट दोन्ही सोसतो. जॅकमध्ये केबल टोचली की बॅटरी सुरू होते, म्हणून कार्यक्रम संपला की केबल काढायचीच, नाहीतर सकाळी बॅटरी खलास. वडश्याच्या नाटक कंपन्यांसोबत रात्री दहाला सुरू होऊन उजाडेपर्यंत वाजवणाऱ्यांनी एक नवी बॅटरी खिशात ठेवावी, ती मरायला लागली की आधी आवाज फाटतो, आणि सगळे अ‍ॅम्पला दोष देतात.

एवढं सगळं करूनही आवाज पटत नसेल, किंवा मीटरने सांगितलं की कॉइल मेला, तर मग नवीन पिकअप घ्यायची वेळ आली आणि तेव्हा खुशाल घ्या. ऑर्डर करायच्या आधी जुना काढून स्केलने लांबी-रुंदी मोजा, जॅझमध्ये मानेकडचा पिकअप ब्रिजकडच्यापेक्षा थोडा छोटा असतो आणि स्वस्त बेसमध्ये कधी दोन्ही सारखेच असतात, एक-दोन मिलिमीटरनेही खाचेत बसत नाही. बाहेरच्या तारांचं अंतरही बघा, तार चुंबकांवरून गेली पाहिजे, पाच तारांच्या बेसवर हे जास्त चुकतं. जॅझसाठी शक्यतो जोडी एकाच कंपनीची घ्या, एकच बदलला तर नव्याचे वेढे आणि चुंबक जुन्याशी उलट असतीलच असं नाही, मग दोन्ही फुल केल्यावर भणभण कटत नाही. दोन्ही फुल केल्यावर खर्ज गायब होऊन आवाज पिचका झाला तर फेज उलटली आहे, नव्या पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करा, लगेच भरून येईल. आणि जुना पिकअप फेकू नका, कागदात गुंडाळून त्यावर मीटरचं रीडिंग लिहून ठेवा, बेस विकताना घेणारा तो मागतो.